सात महिने आदिमानवाच्या ताटावर: वजन उतरलं, आता भाकरीचं काय करू?

रंकाळाकाठ (धागा)

दिवाळी झाल्यावर सुरुवात केली, आज जूनचा दुसरा आठवडा. वय ४७, उंची १६८ सेंमी, तेव्हाचं वजन ९४ किलो, पोटाचा घेर १०६ सेंमी, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.३. काम खुर्चीवरचं. वडिलांनी शेवटची चार वर्षं डायलिसिसवर काढली, मधुमेहानं मूत्रपिंडं गेली होती. त्यांना आठवड्यातनं दोनदा मीच घेऊन जायचो. त्यामुळे ६.३ हा आकडा कागदावर बघितला तेव्हा मला घाम फुटला. डॉक्टर म्हणाले अजून मधुमेह नाही, उंबरठा आहे. तो उंबरठा ओलांडायचा नाही एवढंच डोक्यात होतं.

शोधता शोधता या आदिमानवी आहारापाशी पोचलो. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: शेती फार तर दहा-बारा हजार वर्षांची. त्याआधी लाखो वर्षं माणूस शिकार, मासे, कंद, फळं, पाला, मध यांवर जगला. आपलं शरीर त्या खाण्याशी जुळलेलं आहे आणि धान्य, दूध, साखर त्याला अजून नवखी आहेत, अशी मांडणी. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोघांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये यावर लेख लिहिला, तेव्हापासून ही कल्पना वैद्यकात चर्चेला आली. पुढे तिचे कडक नियम झाले: धान्य बंद, कडधान्य बंद, दूध-दही बंद, साखर-गूळ बंद, कारखान्यातलं काहीही बंद.

मी नियम पाळले. सकाळी तीन अंडी आणि भाजी. दुपारी डब्यात भाजीचा मोठा वाडगा आणि चिकन किंवा मासा. रात्री परत भाजी, सुरण नाहीतर रताळं, आठवड्यातनं दोनदा मटण. मटणाचं अळणी मी रोजही पिऊ शकतो: हळद, आलं-लसूण, मीठ आणि मटणाचं पाणी, बास. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी घरात अळणी काढून ठेवतातच, मी ते तिथंच थांबवून वाटीभर पितो.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर शेंगदाणा. तो कडधान्याच्या कुळातला, म्हणून बंद. कूट नाही, शेंगतेल नाही, खर्डा नाही (आमच्यात खर्ड्याला शेंगदाणा लागतोच). त्याच्या खालोखाल चहा आणि त्याबरोबरचे बटर-खारी. ऑफिसात दिवसाला पाच चहा होते, प्रत्येकात दोन चमचे साखर. शनिवारची मिसळ गेली.

पहिले दहा दिवस डोकं दुखत होतं. मग थांबलं. दुपारी तीनला जी झोप यायची ती गेली. मार्चअखेर वजन ८५.५, घेर ९६. एचबीए१सी ५.८. रंकाळ्याला आधी अर्धी फेरी मारून बसायचो, आता पूर्ण फेरी होते आणि धाप लागत नाही.

पण एप्रिलपासून वजन तिथंच आहे. जोतिबाच्या यात्रेला पाहुण्यांकडे पोळी नाकारली, काकूंचे डोळे भरून आले. पोट साफ होत नाही, त्याचा त्रास वेगळाच. बायको दोन स्वयंपाक करून थकली आहे. आणि मनात एकच प्रश्न आहे: हे साडेआठ किलो उतरले ते अश्मयुगातल्या ताटामुळे, की बटर-खारी, पाच चहा आणि मिसळीचा पाव सोडला म्हणून? दुसरं कारण खरं असेल तर मी भाकरी, मटकी आणि दही कशासाठी सोडून बसलो आहे? जाणकारांनी मनापासून लिहावं, ही विनंती.

---

तालमीतला

भावा, ९४ वरनं साडेपंच्याऐंशी म्हणजे लई मोठं काम केलंस. आधी ते मनापासून सांगतो.

मी पंधरा वर्षं माती अंगाला लावली. आमचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम घोटून थंडाई, मटण आणि पोळ्या. तुझ्या नियमात ह्यातलं निम्मं बसत न्हाई. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध मिळतंय, ते पिऊनच आम्ही वाढलो. तरी त्या वयात एकाच्या अंगावर चरबी न्हवती. का? पहाटे चारला उठून हजार-हजार बैठका, जोर, मग लढत, दुपारी झोप, संध्याकाळी परत तेच.

कुस्ती सुटली की खरी गोष्ट सुरू होती. बैठका सुटतात, खुराक सुटत न्हाई. माझ्याबरोबरचे चार गडी आज गोळ्या खात्यात. खासबागेत ज्यांची कुस्ती बघायला माणसं झाडावर चढत होती त्यांना आता मैदानाच्या पायऱ्या चढवत न्हाईत. हे बघून जीव तुटतो. म्हणून मला वाटतंय, ताटात काय हाय ह्याच्याइतकंच त्या ताटामागं काय काम हाय हे बघायला पायजे. आदिमानव हरणामागं पळत हुता. आपण बसून हरणाचं खायाचं म्हटलं तर कसं जमंल?

---

निपाणीकरीण

आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा नाही. मलाही वजन कमी करायचं आहे (७८ किलो, उंची ५ फूट १ इंच). धान्य आणि कडधान्य दोन्ही काढलं, दूध काढलं, तर मी खायचं काय? फक्त भाजी आणि खोबरं? खरंच विचारतेय.

---

कातळखुणा

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी, म्हणून "आदिमानव काय खायचा" एवढ्यापुरतं लिहितो. आहार-सल्ला माझा प्रांत नाही.

आपल्याकडून सुरुवात करू. अणुस्कुरा घाट उतरून राजापूरच्या सड्यांवर (कातळाच्या उघड्या पठारांवर) गेलात की बारसू, देवाचे गोठणे, थोडं पुढं कशेळी अशी कातळशिल्पं लागतात. कशेळीचा हत्ती एकदा उभं राहून बघा, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. या सड्यांवर वाघ, हरणं, गेंडा, मासे आहेत. नांगर नाही, पेरणी नाही. म्हणून बरेच अभ्यासक ती शिकारी-संकलकांची, म्हणजे शिकार करून आणि रानातलं गोळा करून जगणाऱ्यांची मानतात. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहा, ज्या १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकरांनी उजेडात आणल्या, तिथल्या चित्रांत शिकारीबरोबर मध काढणारी माणसंही आहेत. म्हणजे मांस होतं, मध होता, यात शंका नाही.

पण चित्रात काय काढायचं आणि रोज काय खायचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हत्ती कोरावासा वाटतो, कंद कोरावासा वाटत नाही. खाण्याचा खरा पुरावा दातांवरच्या कीटणात आणि दगडांच्या खाचांत सापडतो. इराकमधल्या शनिदार आणि बेल्जियममधल्या स्पी इथल्या निअँडरथल (आता नामशेष झालेली, आपल्या जवळची मानवजात) माणसांच्या दातांवर पिठूळ वनस्पतींचे कण मिळाले, त्यातले काही शिजवलेले होते. हा अभ्यास २०११ चा. इटलीत बिलान्चिनो इथं सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीचा दगड मिळाला, त्यावर मुळांचं पीठ केल्याच्या खुणा. गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो इथं २३ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी बार्लीचे दाणे आणि ते वाटायचा दगड. जॉर्डनमध्ये तर १४ हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे निघाले, म्हणजे तिथल्या शेतीच्या कितीतरी आधी. इस्रायलमधल्या केबारा गुहेत निअँडरथलांच्या चुलीत कडधान्याच्या कुळातले जळके दाणे आहेत.

तेव्हा धान्य आणि कडधान्य माणसाला अगदी परकं होतं हे पुराव्यात बसत नाही. रोजच्या जेवणाचा तीन-चतुर्थांश भाग धान्याचाच असणं, हे मात्र शेतीनंतरचं. फरक प्रमाणाचा आहे.

दुसरी गोष्ट. धागाकर्त्यांचं रताळं मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, पोर्तुगीज आल्यावर आपल्याकडं आलं. मिरची, टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा सगळं तिकडचं. कोबी आणि फ्लॉवर एकाच रानटी झाडापासून माणसानं शेतात निवडून निवडून घडवलेले. आपल्या घाटातली रानकेळ, चवई, फोडून बघितली असेल तर माहीत असेल, आत बियाच बिया. रानटी बदाम कडू आणि विषारी. आज बाजारातनं आणलेलं कुठलंही ताट अश्मयुगातलं होऊ शकत नाही, मटणसुद्धा. रानातल्या हरणाच्या अंगावर पाळीव जनावराइतकी चरबी नसते.

आणि आदिमानवाचं "एक" ताट नव्हतंच. उत्तर ध्रुवाजवळचे इनुइट जवळपास सगळं मांस-मासे-चरबीवर जगत आले. टांझानियातले हाद्झा आजही शिकार करतात, पण कंद, बोरांसारखी फळं, गोरखचिंचेचा गर आणि मध यांचा त्यांच्या पोटात मोठा वाटा असतो. कोल्हापूरच्या पश्चिमेला दहा हजार वर्षांपूर्वी जो कोणी राहत असेल तो ऋतूप्रमाणे खात असणार: पावसात पाला आणि खेकडे, हिवाळ्यात कंद, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं-मध.

---

तालमीतला

खेकडे म्हणल्यावर तोंडाला पाणी सुटलं. बाकी वाचून डोस्कं लख्ख झालं, असंच लिहीत ऱ्हावा.

---

भुदरगडची_लेक

कातळखुणा यांनी शेवटी जे ऋतूचं लिहिलं ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून लिहिते.

माझं माहेर गारगोटीच्या वर, जंगलाला लागून. आजी पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत टाकळा आणायची, मग कुर्डू, मग भारंगी, मग करटुली. भारंगी कडू असते, दोनदा उकळून पाणी पिळून टाकायचं. करांद्याचं तर फार जपून. वेलाला लागणारा कडू करांदा नीट न उकळता खाल्ला तर उलट्या होतात. सुरण चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय शिजवायचा नाही, घसा धरतो. रानातलं खाणं म्हणजे नुसतं तोडून तोंडात घालणं नव्हे, त्यामागे शंभर बायकांचं शहाणपण असतं. कोणीतरी कधीतरी आजारी पडून ते शिकलेलं असतं. कृपा करून कोणी मोबाईलवर फोटो बघून कंद उकरू नका.

आणि एक सांगते, मनाला लागलेलं आहे म्हणून. आजी हे आवडीनं खायची असं नाही. आषाढात कणगीतलं भात संपलेलं असायचं, नवं यायला दिवाळी. त्या चार महिन्यांत पाला आणि कंद हेच जेवण. तिच्यासाठी नाचणीची भाकरी म्हणजे पोटभर जेवल्याचा दिवस. ती ऐंशीपर्यंत काटक राहिली, तिला साखर नव्हती, रक्तदाब नव्हता. पण तिची तीन मुलं पाच वर्षांच्या आत गेली. त्या आयुष्यातलं काय घ्यायचं आणि काय नको, हे आपण बघून घ्यायला हवं.

ऋषिपंचमीला आपल्याकडं बायका काय करतात ते आठवा. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरलेल्या जमिनीतलं खायचं नाही. अळू, सुरण, माठ, भोपळा, परसातला पाला यांची एकत्र भाजी, तेल-मसाला जवळजवळ नाहीच. वर्षातला एक दिवस शेतीच्या आधीचं जेवण. आपल्या आयाबायांनी हे किती आधीपासून जपून ठेवलंय! मला ती भाजी फार आवडते. पण दुसऱ्या दिवशी त्याच बायका भाकरी थापतात.

---

मंगळवारपेठ_घरून

धागाकर्त्यांनी बायकोबद्दल एक ओळ लिहिली, ती वाचून थांबले.

माझ्या नवऱ्यानं दोन वर्षांपूर्वी हेच केलं. त्याच्यासाठी वेगळं, मुलांसाठी डबा, सासूबाईंना मऊ भात आणि वरण. सकाळी पाचला उठायचं. कपिलतीर्थ मार्केटमधनं भाजी रोज दोन पिशव्या, कारण धान्य काढलं की भाजीचा ढीग लागतो, ती निवडायची, चिरायची. मटण-मासे-अंडी यांचा महिन्याचा खर्च दुप्पट झाला. त्याचं वजन अकरा किलो उतरलं, मला आनंद झाला, खरंच झाला. पण मी स्वतः काय खात होते? उरलेल्या पोळ्या, उरलेला भात, उभ्या उभ्या. माझं वजन त्याच वर्षात चार किलो वाढलं. सातव्या महिन्यात मला चक्कर आली, तपासणीत हिमोग्लोबिन ८.९. तिघांची ताटं वेगळी करणाऱ्या बाईच्या ताटात काय होतं ते कोणीच बघितलं नव्हतं, मीही नाही.

म्हणून सांगते, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून खाता येणार नाही असा आहार फार दिवस टिकत नाही. टिकलाच तर कुणाच्या तरी जीवावर टिकतो. आपण जे कराल ते बायकोबरोबर बसून ठरवा. आणि स्वतः चिरायला शिका.

---

रंकाळाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझंच लिहिलंय की." उद्यापासून भाजी मी चिरणार. तिचीही रक्ततपासणी या आठवड्यात करून घेतो.

---

राजारामपुरी_डॉक्टर

मी जनरल प्रॅक्टिस करतो, रोज मधुमेहाचे पेशंट बघतो. धागाकर्त्यांचा मुख्य प्रश्न नेमका आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचे आकडे. ९४ किलोला तुमचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३३ होता, आता ३० आहे. भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडं कमी वजनालाही पोटात चरबी साठते. पुरुषाचा घेर ९० सेंमीच्या आत हवा. म्हणजे वाट अजून बाकी आहे, पण मुख्य धोका पोटाच्या चरबीत असतो आणि तिथलेच दहा सेंटिमीटर तुम्ही काढलेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज निघाला आणि तुमच्यासारखे उंबरठ्यावरचे त्याहून जास्त. चेन्नईच्या अभ्यासात, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि चालणं सुधारलं तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. तिथं कोणी भाकरी-भात सोडला नव्हता. साखर आणि मैदा कमी, चरबी कमी, तंतू (फायबर) जास्त, रोजचं चालणं.

आता या आहाराचे प्रयोग. स्वीडनमध्ये उमेओ इथं ७० लठ्ठ, पाळी थांबलेल्या स्त्रियांना दोन गटांत वाटून दोन वर्षं बघितलं. एक गट आदिमानवी आहारावर, दुसरा तिथल्या सरकारी शिफारशींवर. सहा महिन्यांना पहिल्या गटाची चरबी जास्त उतरली. दोन वर्षांनी दोन गटांतला तो फरक राहिला नाही. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) मात्र पहिल्या गटात शेवटपर्यंत चांगले राहिले. तुमचा एप्रिलपासूनचा अडकलेला काटा याच गोष्टीत बसतो. शरीर लहान झालं की त्याची गरजही कमी होते, आणि कडक नियम हळूहळू सैल पडतात.

बटर-खारीचा प्रश्न. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल यांच्या गटानं २० माणसांना महिनाभर संस्थेत ठेवून जेवण दिलं. दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न, दोन आठवडे घरगुती पद्धतीचं साधं अन्न. दोन्हींत साखर, चरबी, तंतू, प्रथिनं सारखीच ठेवलेली, हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. तयार अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली आणि वजन वाढलं. साध्या अन्नावर वजन उतरलं. त्यामुळे माझं उत्तर असं: तुमच्या साडेआठ किलोंचं मोठं श्रेय पाच चहातली साखर, मैदा आणि तळण सोडण्याला, आणि अंडी-मटणातल्या प्रथिनांनी पोट भरलेलं राहण्याला. मटकी आणि दही सोडण्याला श्रेय द्यायला माझ्याकडं आधार नाही.

पैलवानांच्या मुद्द्यावर थोडं. हाद्झा लोकांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजला गेला, २०१२ मध्ये तो अभ्यास आला. दिवसभर चालणारी ही माणसं शरीराच्या आकारमानानं बघितलं तर शहरी माणसाएवढीच ऊर्जा खर्च करतात असं निघालं. म्हणून केवळ चालून वजन उतरेल ही आशा मी पेशंटला देत नाही. पण स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून मधुमेहात बैठका औषधासारख्या आहेत. वयाच्या मानानं थोड्या, पण रोज.

काही इशारे, हे कृपया सगळ्यांनी वाचा. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी धान्य एकदम बंद केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या कुळातल्या गोळ्या चालू असताना पिष्ट फार कमी केलं तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि त्यात साखर फार वाढलेली दिसतही नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर मांसाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. धागाकर्त्यांच्या वडिलांचा इतिहास बघता त्यांनी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन (रक्तातलं) आणि लघवीतलं अल्ब्युमिन एकदा तपासून घ्यावं.

---

निपाणीकरीण

डॉक्टर, म्हणजे मला कडधान्य सोडायची गरज नाही ना?

---

राजारामपुरी_डॉक्टर

अजिबात नाही. तुमच्या घरात प्रथिनांचा तोच मुख्य आधार आहे. मटकी, हुलगा, मूग भिजवून मोड आणा. कडधान्यातल्या ज्या द्रव्यांच्या नावानं लोक घाबरवतात, ती शिजवल्यावर बहुतांश निकामी होतात. भिजवण्यानं आणि मोडानं लोह अडवणारी द्रव्यंही कमी होतात. जेवणात भाकरी एक, उसळ दोन वाट्या, भाजी, ताक, असा क्रम ठेवा. आपल्याकडं उलट असतं: भात-पोळीचा डोंगर आणि कडेला चमचाभर उसळ. बी१२ तपासून घ्या, शाकाहारी लोकांत ते कमी असतं.

---

कातळखुणा

दुधाबद्दल एक भर. लहानपण संपल्यावरही दूध पचवण्याची क्षमता जगात सगळ्यांत नाही. गुरं पाळायला लागल्यानंतर काही हजार वर्षांत युरोप, आफ्रिकेचा काही भाग आणि वायव्य भारत इथं ती पसरली. दक्षिणेकडं आणि पूर्वेकडं प्रमाण कमी. म्हणजे शरीर अश्मयुगात गोठून राहिलेलं नाही, शेती-पशुपालनाबरोबर तेही बदलत आलंय. पीठ पचवणाऱ्या लाळेतल्या विकराच्या जनुकाचंही तेच: पिष्ट जास्त खाणाऱ्या समाजांत त्याच्या प्रती सरासरीनं जास्त आढळतात, २००७ मध्ये हे दाखवलं गेलं. ज्यांना दुधानं पोट फुगतं त्यांना दही-ताक बरेचदा चालतं, कारण विरजणात दुधातली साखर कमी होते.

आणि "ते लोक तिशीतच मरायचे" हे ऐकायला मिळतं, तेही अर्धवट आहे. सरासरी कमी दिसते ती बालमृत्यूंमुळे. भुदरगडची लेक यांच्या आजीच्या मुलांसारखी. जे वयात येत ते बरेचदा साठी-सत्तरी गाठत, असं आजच्या शिकारी-संकलक समाजांच्या नोंदी सांगतात.

---

शिरोळचा_ऊस

मी गुऱ्हाळवाला. गूळ नैसर्गिक म्हणून चालतो का, असं मला रोज गिऱ्हाईक विचारतं, म्हणून इथं विचारतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या घराचं पोट त्यावर आहे.

---

राजारामपुरी_डॉक्टर

मालक, प्रामाणिक उत्तर देतो. गुळात थोडी खनिजं असतात, चवीला तो साखरेपेक्षा कितीतरी चांगला, पण त्यात बहुतांश साखरच आहे आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. निरोगी, राबणाऱ्या माणसाला एक खडा चालतो. मधुमेह्याला "गूळ घ्या, बाधत नाही" असं कृपया सांगू नका.

---

शिरोळचा_ऊस

समजलं. इथून पुढं गिऱ्हाईकाला तसंच सांगीन.

---

तालमीतला

डॉक्टर, बैठकांचं वाचून आज तालमीत गेलतो. तीन वर्षांनी. वस्तादांनी काही इचारलं न्हाई, नुसतं लांगेकडं बोट दाखवलं. पन्नास बैठका मारल्या. उद्या त्या चौघांना घेऊन जाणार हाय.

---

रंकाळाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काल रात्री आम्ही दोघं बसून ठरवलं ते लिहितो.

साखर, बेकरी, तळण आणि ऑफिसातला चहा परत येणार नाही. घरी सकाळी एक कप, बिनसाखरेचा. सकाळची अंडी राहतील, ती दोघांसाठी. मटण आठवड्यातनं एकदाच, भाव बघता तेच परवडतं, आणि अळणी सगळ्यांसाठी. दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ, भाजी, दही. रात्री एक भाकरी, शाळूची नाहीतर नाचणीची, आणि पातळ भाजी. भात रविवारी, तो आजऱ्याचा घनसाळ, वाटीभर. पोळी सणाला. एकच स्वयंपाक. शेंगदाण्याचं कूट परत सुरू, पण मापानं. जेवायला दोघं एकत्र बसायचं, आधी कोणी नाही.

काल सात महिन्यांनी पहिली भाकरी खाल्ली. तिनं तव्यावरनं थेट ताटात टाकली, पापुद्रा वर फुगलेला, वाफ निघत होती. वडिलांना रात्री भाकरी आणि ताक लागायचंच. बराच वेळ घास हातात धरून बसलो होतो.

बायकोचं हिमोग्लोबिन ९.६ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. माझं क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिन दोन्ही ठीक. एचबीए१सी तीन महिन्यांनी परत करणार, सप्टेंबरच्या मध्यात, तेव्हा इथं टाकतो. वर गेलं तरी टाकतो.

भुदरगडच्या ताई, नाचणीची आंबील सकाळी घ्यायची म्हणतोय, तिला सवय नाही. कशी करतात?

---

भुदरगडची_लेक

रात्री मूठभर नाचणीचं पीठ दोन वाट्या पाण्यात किंवा पातळ ताकात कालवून झाकून ठेवा, गुठळी राहू देऊ नका. पावसाळ्यात चुलीच्या उबेला, नाहीतर ओट्याच्या कोपऱ्यात. सकाळी आंबूस वास येतो. मंद आचेवर सतत ढवळत शिजवा, रंग गडद तपकिरी झाला आणि चमक आली की झालं. गार होऊ द्या, मग दोन वाट्या ताक, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं. गूळ नको. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट, वहिनींना आणि तुम्हाला दोघांनाही चांगलं. फक्त लोहाची गोळी आंबिलीबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

पहिल्या दिवशी वाटीभरच घ्या, पोटाला सवय होऊ दे.